वाळवंटात वर येणारा जुना पाऊस

दक्षिण ऑस्ट्रेलियात मरी ते मार्ला असा सुमारे 620 किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, ऊडनाडाटा ट्रॅक. लाल धूळ, दगडगोटे, आणि वर्षाकाठी 200 मिलिमीटरही पाऊस नाही. अशा मुलखातून कोणी रस्ता का काढावा? कारण या वाटेवर जागोजागी झरे आहेत. इथले आदिवासी हजारो वर्षं एका झऱ्यावरून दुसऱ्या झऱ्याकडे असेच चालत गेले. 1859 पासून शोधप्रवासी जॉन मॅक्डूअल स्टुअर्टच्या मोहिमा याच झऱ्यांच्या आधाराने पुढे सरकल्या, 1872 मध्ये तारेचे खांब याच बाजूने उभे राहिले, आणि मग रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला पाणी नको का?

मरीपासून सुमारे 130 किलोमीटरवर ‘बबलर’ नावाचा झरा लागतो. पाण्याच्या तळाशी वाळू उकळल्यासारखी सतत उसळत असते. खरं तर उकळत वगैरे काही नाही, खालून जोराने येणारं पाणी वाळू ढवळतं. इथल्या अरबाना आदिवासींच्या कथेत ही एका मारल्या गेलेल्या महासर्पाची तडफड आहे. जवळच ‘ब्लँश कप’ नावाचा झरा छोट्या टेकाडाच्या माथ्यावर वाटीसारखा बसलाय. टेकाड त्यानेच बांधलं. पाण्यातला चुना साचत गेला, त्यात वाऱ्याची वाळू अडकली, आणि झरा स्वतःलाच उंच करत राहिला. शेजारची हॅमिल्टन टेकडी म्हणजे असाच एक झरा, केव्हाच मेलेला.

हे पाणी येतं ग्रेट आर्टेशियन बेसिनमधून. सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त जमिनीखाली वालुकाश्माचे थर पाण्याने भरलेले आहेत. पूर्वेकडच्या डोंगररांगांवर पडलेला पाऊस त्यांत मुरतो. वर-खाली चिकणमातीच्या खडकाचे घट्ट थर असल्याने त्याला निसटायला जागा नसते, आणि वर्षाला जेमतेम एक ते पाच मीटर या गतीने तो सरकत राहतो. त्यामुळे पश्चिम कडेच्या काही पाण्याचं वय दहा लाख वर्षांच्याही पुढे भरतं. डोंगरातल्या उंचावरच्या पाण्याचा दाब त्याला मागून ढकलत असतो, त्यामुळे जिथे भेग सापडेल तिथे पाणी स्वतःहून वर येतं.

बऱ्याच ठिकाणी हे पाणी गरम असतं. ते कसं? इथे ज्वालामुखी नाही. कोकणातल्या ‘उन्हाळ्यां’नाही, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांनाही, तो लागत नाही. खोल गेलं की खडक तापलेलाच असतो, किलोमीटरमागे साधारण 25 ते 30 अंशांनी, आणि या भागात काही ठिकाणी त्याहून भरभर. क्वीन्सलंडमधल्या बर्ड्सव्हिल गावच्या बोअरमधून पाणी 98 अंशांनी बाहेर पडायचं. त्यावर एक चिमुकलं वीजकेंद्रही बरीच वर्षं चाललं.

अंघोळीसाठी मात्र ऊडनाडाटाहून उत्तरेला, सिम्पसन वाळवंटाच्या काठावर डलहौसी झऱ्यांकडे जावं लागतं. मुख्य डोहाचं पाणी आपल्या अंगाइतकं ऊन. जायचं ते जून-जुलैत, तिथल्या हिवाळ्यात. ऊडनाडाटात 1960 साली 50.7 अंश नोंदले गेले होते, तशा दिवशी गरम पाण्यात उतरण्याची हौस कोणाला? काठावर खजुराची झाडं दिसतात, ती उंटांच्या तांड्यांबरोबर आलेल्यांची. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची होते, पंजाबीही होते.

डोहात जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे मासे आहेत. वाळवंटाने चहूबाजूंनी कोंडल्यामुळे त्यांच्या जाती इथल्या इथे वेगळ्या झाल्या.

त्यांचं सगळं भवितव्य खालच्या दाबावर. 1878 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये पहिली बोअर लागली आणि लोकांनी सपाटा लावला. गुरांसाठी पाणी मैलोन् मैल उघड्या चरांतून सोडलं, त्यातलं बहुतेक उन्हात उडून गेलं किंवा जिरलं. दाब उतरला, कित्येक झरे आटले. अलीकडच्या काही दशकांत त्या बोअरना झडपा लावून पाणी नळातून नेणं सुरू झालंय, आणि काही ठिकाणी दाब पुन्हा चढतोय. डलहौसीत संध्याकाळी पाय सोडून बसलात, तर तेच मासे येऊन तळव्यांना गुदगुल्या करतात.