मायावी अरण्यातील हिंस्र जीव आणि जीवघेणी झाडे : पार्श्वभूमी

व्हिडिओ गेम, मालिका आणि मुलांच्या अद्भुत कादंबऱ्या यांतील मायावी अरण्याचे चित्र आता जगभर जवळपास सारखेच झाले आहे. तेथे वेली माणसाला आवळतात, फुलांच्या वासाने गुंगी येते आणि पाणवठ्याशी काहीतरी दबा धरून बसलेले असते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांतील मुलेही हेच अरण्य ओळखतात. या अरण्यातील प्राण्यांची आणि वनस्पतींची कुळकथा मात्र एक नाही. आपल्या जुन्या कथांत भयंकर प्राण्यांना तोटा नाही; माणूस खाणारे झाड मात्र त्यांत सहसा भेटत नाही. ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील वृत्तपत्री थापांतून जन्मले, आणि त्या थापांचे धागेदोरे सह्याद्रीपर्यंत व मुंबईपर्यंत येऊन पोचतात.

आधी प्राण्यांचे पाहू. रामायणाच्या अरण्यकांडात राम-लक्ष्मणांना कबंध नावाचा राक्षस भेटतो. त्याला डोके नाही, मान नाही, तोंड पोटात आहे, छातीवर एकच डोळा आहे आणि योजनभर लांब हातांनी तो वाटेने येणाऱ्याला ओढून घेतो. आजच्या कोणत्याही गेममध्ये शोभावा असा हा जीव आहे. फरक पडतो तो त्याच्या शेवटात. हात तोडल्यावर आणि चितेवर देह जळल्यावर तो शापमुक्त होऊन दिव्य रूपात उभा राहतो आणि सुग्रीवाचा ठावठिकाणा व शबरीच्या आश्रमाची वाट तोच सांगतो. रामदुर्ग तालुक्यात सुरेबानजवळ शबरीकोळ्ळ येथे शबरीचे देवस्थान आहे, त्यामुळे या भागात ही कथा परमुलखातली वाटत नाही. त्याआधी दंडकारण्यात भेटलेला विराधही शापित गंधर्वच निघतो. रानातला राक्षस मुळात दुसराच कोणीतरी असतो आणि त्याच्याशी झालेली गाठ त्याच्याही सुटकेची असते, ही या परंपरेची खूण म्हणावी लागेल.

महाभारताच्या वनपर्वात हा धोका बोलू लागतो. भीमाला विळखा घालणारा अजगर म्हणजे शापाने सर्प झालेला नहुष, आणि युधिष्ठिराने प्रश्नांची उत्तरे दिल्यावरच तो भीमाला सोडतो. तळ्याकाठचा यक्ष चार भावांना निष्प्राण करतो तेही त्यांनी उत्तर न देता पाण्याला हात लावला म्हणून. याच जातीचा तिसरा जीव म्हणजे वेताळ. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याच्या पंचवीस कथा आहेत. हा ग्रंथ ज्या लुप्त ‘बृहत्कथे’वरून रचला गेला, तिची दंतकथा मात्र प्रतिष्ठानची, म्हणजे पैठणची आहे. राजाने पैशाची या प्राकृत भाषेतील ग्रंथ नाकारला म्हणून त्याचा कर्ता गुणाढ्य याने रानात अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो जाळू लागला. श्वापदे चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली आणि राजा येऊन पोचेपर्यंत सात लाख श्लोकांपैकी एकच लाख उरले होते. कथेतल्या हिंस्र रानाने स्वतःच श्रोता व्हावे, ही कल्पना मला तरी वेताळापेक्षाही विलक्षण वाटते.

सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० साली ‘वेताळ पंचविशी’ मराठी गद्यात आणली, आणि १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ने झाडावरचे प्रेत, खांद्यावरचा वेताळ आणि मौन मोडणारा विक्रम घरोघरी नेला. सीमाभागात तर हे मासिक मराठीत आणि कानडीत, दोन्ही रूपांत वाचले जाई. मूळ कथेत प्रेत लटकते ते झाड शिंशपा, म्हणजे शिसवाच्या जातीचे आहे. ते झाड स्वतः कोणाला काही करत नाही.

ग्रंथांखेरीज दुसरा स्रोत म्हणजे प्रत्यक्ष रान. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात सह्याद्रीचे दाट जंगल आहे आणि त्यातील सुमारे १९० चौरस किलोमीटरचा भाग २०११ साली भीमगड वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याबरोबर येथे नागराजही आहे. पालापाचोळा गोळा करून घरटे बांधणारी आणि त्यावर राखण करणारी सापांतली ही एकच जात आहे. ढिगावर वेटोळे घालून बसलेली मादी ज्याने पाहिली असेल, त्याला गुप्तधनावर बसलेल्या नागाची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. भीमगड परिसरातील बारापेडे गुहांतल्या वटवाघळाची एक जात १९१३ साली शास्त्रात नोंदली गेली आणि पुढे कित्येक दशके तिचे हे एकच ठिकाण जगाला माहीत होते.

लोककथेतील रानाचा सर्वांत पक्का रहिवासी मात्र चकवा. त्याला रूप नाही, दात नाहीत. तो फक्त वाट फिरवतो आणि माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडापाशी येतो. त्यावर जुन्या माणसांचा उपाय एवढाच की, चकवा लागल्याचे कळताच जागीच बसावे आणि उजाडेपर्यंत पाऊल टाकू नये. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिले, तेव्हा सूर्य किंवा चंद्र दिसत नसताना ती खरोखरच गोल फिरत असल्याचे आढळले. पाण्याच्या डोहाशी आसरा, म्हणजे जलदेवता, आणि देवराईत राखणदार, यांचाही राग नियम मोडणाऱ्यावरच असतो.

वनस्पतींच्या बाबतीत आपली परंपरा वेगळीच आहे. तिच्यातील मायावी झाडपाला तारणारा आहे: रामायणात लक्ष्मणासाठी आणलेली मृतसंजीवनी आणि विशल्यकरणी, किंवा कालिदासाच्या हिमालयात रात्री तेलावाचून दिव्यासारख्या उजळणाऱ्या ओषधी. विषारी वनस्पती मात्र मायेच्या प्रांतात न येता वैद्याच्या वहीत गेल्या. रुई, निवडुंग, कळलावी, कण्हेर, गुंज, धोतरा, काजरा यांची गणना उपविषांत झाली आणि प्रत्येकाची शोधनाची, म्हणजे विष कमी करण्याची, रीत ठरली. खाजकुइलीचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली तिची शेंग हिवाळ्याच्या अखेरीस वाळते, तेव्हा तिच्यावरची सोनेरी-तपकिरी लव वाऱ्यानेही झडते आणि खाली लाकडे गोळा करणाऱ्याच्या मानेत, मनगटात रुतते. त्या लवेतील प्रथिनामुळे जी आग उठते ती खाजवल्याने वाढतच जाते. एवढे असूनही या वेलीची भुताटकीत भरती झाली नाही. तिचे बी शुद्ध करून औषधात वापरले गेले.

जीवघेणे झाड कल्पनेत आले ते बाहेरून. डिसेंबर १७८३ मध्ये ‘लंडन मॅगझिन’ने डच कंपनीचा शल्यवैद्य म्हणवणाऱ्या फोर्श नावाच्या माणसाचा मजकूर छापला. जावा बेटावरच्या उपास झाडाभोवती पंधरा मैलांवर काही जगत नाही आणि विष आणायला मृत्युदंडाचे कैदी पाठवतात, असे त्यात होते. इरॅस्मस डार्विन याने १७८९ च्या काव्यात ते झाड घेतले, रशियन कवी पुश्किनने १८२८ मध्ये त्यावर कविता लिहिली, आणि विषारी श्वास सोडणारा वृक्ष युरोपच्या कल्पनेत रुजला. खरे उपास झाड आपल्या सह्याद्रीतही उगवते आणि मराठीत त्याला चांदकुडा म्हणतात. त्याचा चीक विषारी असतो व आग्नेय आशियात तो बाणांना लावत. पण त्याच्या सावलीने कोणी मरत नाही. पश्चिम भारतात तर त्याच्या सालीची पोती करत. खोडाचा तुकडा भिजवून आणि ठोकून साल सैल करायची, ती आतून बाहेर उलटवत न्यायची आणि शेवटी लाकडाची एक चकती तळासाठी तशीच ठेवायची, की शिवणीशिवाय पोते तयार. ज्या झाडाच्या नावाने लंडनचा वाचक शहारत होता, त्यात इकडे तांदूळ भरून ठेवला जात होता.

दुसरी थाप १८७४ ची. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ने मादागास्करमधील माणूस खाणाऱ्या झाडाचे वर्णन कार्ल लिखे या जर्मन प्रवाशाच्या नावाने छापले. अननसासारखे बुटके खोड, लोंबती काटेरी पाने, वर वळवळणाऱ्या दोऱ्या आणि तिथल्या टोळीने बळी दिलेली स्त्री, असा सगळा थाट होता. प्रवासी, टोळी आणि झाड, तिन्ही काल्पनिक होती. मजकूर एडमंड स्पेन्सर या पत्रकाराचा असल्याचे १८८८ मध्ये उघड झाले. मराठी वाचकाने थांबावे अशी गोष्ट म्हणजे त्या झाडाला दिलेले शास्त्रीय नाव, ‘क्रिनॉइडा डाजीआना’. ते मुंबईचे विख्यात डॉक्टर भाऊ दाजी यांच्या सन्मानार्थ दिल्याचे त्या मजकुरातच म्हटले होते. मूळचे गोव्यातील मांद्र्याचे भाऊ दाजी त्याच वर्षी निवर्तले. थापेला भारदस्तपणा यावा म्हणून एका खऱ्या विद्वानाचे नाव तिला चिकटवले गेले, असे दिसते. पुढच्याच वर्षी चार्ल्स डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ आला आणि लोकांना थाप अधिकच खरी वाटू लागली. दवबिंदू ही अशीच एक कीटकभक्षक वनस्पती सह्याद्रीच्या कातळ सड्यांवर पावसाळ्यात उगवते; तिची लाल केसाळ पाने छोटीशीच असतात आणि चिलटाच्या पलीकडे तिची मजल जात नाही.

विसाव्या शतकात हे सगळे गाठोडे पट-खेळांतून आणि नंतर संगणकीय खेळांतून आपल्याकडे परत आले. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने जगभरच्या पुराणांतून जीव उचलले आणि त्याच्या १९७७ च्या प्राणिकोशात आपला राक्षसही सामील झाला. चित्रात मात्र त्याला वाघाचे डोके देण्यात आले. रामायणातील राक्षस कामरूपी असतात, हवे ते रूप घेतात. वाघाचे डोके ही त्यांची ठरलेली ओळख नव्हे. बेळगावातील एखाद्या मुलाला राक्षस म्हटल्यावर आज वाघाचे तोंड आठवत असेल, तर त्याचे मूळ आजीच्या गोष्टीत न शोधता त्या चित्रात शोधावे.