आधी मोजपट्टी, मग टीव्ही

दुकानात टीव्ही आपण हातभर अंतरावरून पाहतो. इतक्या जवळून फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक कुणालाही दिसेल. घरी मात्र आपण सोफ्यावर बसणार असतो, आणि तिथे हिशेब बदलतो. म्हणून आधी बसल्यावर डोळे जिथे येतात तिथपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. मॉडेलची चर्चा त्यानंतर.

निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनावर असलेले दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. 55 इंची (हे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात) पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत त्यावर आडवे 1920 पिक्सेल बसतात, म्हणजे एकेक पिक्सेल 0.63 मिलिमीटरचा. साधारण 2.2 मीटरच्या पलीकडे गेलं की हे ठिपके एकमेकांत मिसळतात. त्याच पडद्यावर फोर-के असेल तर पिक्सेल निम्म्या रुंदीचे. फुल एचडीपेक्षा जास्त बारकावा हवा असेल, तर या 2.2 मीटरच्या आत बसायला हवं. आणि फोर-केचा सगळा बारकावा टिपायचा तर 1.1 मीटरवर. एट-केसाठी तर पडद्याला नाक लावावं लागेल.

यातून एक सोपा हिशेब निघतो: अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि चारने भागा, की पडद्याचा आकार इंचांत मिळतो. 300 सेंटिमीटर असेल तर 75 इंच. पडद्याने नजरेसमोर साधारण 30 अंशांचा कोन व्यापला तर चित्रपट चांगला वाटतो, असा संकेत आहे; तोही याच आकड्याच्या आसपास येतो. तीन मीटरवरून 43 इंची टीव्ही पाहणाऱ्याने फोर-केसाठी जादा पैसे मोजले, तर ते पिक्सेल त्याला दिसतच नाहीत.

आता याची उलट बाजू. घरात बहुतेक वेळ साध्या एसडी वाहिन्याच लागत असतील, तर चित्रात उभ्या दिशेने 576 रेषाच असतात. टीव्ही त्या ताणून पडदाभर पसरवतो, पण नसलेला तपशील कुठून आणणार? अशा घरी भाजक चारऐवजी सात धरावा, नाहीतर मोठ्या पडद्यावर चेहरे मेणाचे दिसतात.

सिग्नल घरात कसा येतो, याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि बऱ्याच तक्रारी तिथल्याच असतात. जुन्या ॲनालॉग टीव्हीत सिग्नल कमजोर झाला की चित्रात मुंग्या यायच्या. डिजिटलमध्ये चुकलेली माहिती दुरुस्त करण्याची सोय असते, त्यामुळे सिग्नल बराच घसरला तरी चित्र स्वच्छ राहतं. पण दुरुस्तीची ताकद संपली की चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि अगदी थोड्या फरकाने पडदा काळा होतो. म्हणून ‘चित्र दिसतंय ना’ एवढ्यावर थांबू नका. मेनूमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे असतात. त्यातला दुसरा महत्त्वाचा. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी, असं दिसलं तर ॲम्प्लिफायर लावून उपयोग नाही. तो गोंगाटही तितकाच वाढवतो.

अँटेनापासून टीव्हीपर्यंत येणाऱ्या साध्या आरजी-6 केबलमध्ये 700 मेगाहर्ट्झला 100 मीटरमागे अंदाजे 20 डेसिबल गळती होते. म्हणजे 20 मीटरला 4 डेसिबल. त्यात दोन टीव्हींसाठी सिग्नल वाटणारा स्प्लिटर लावला की आणखी सुमारे 4. एकूण 8 डेसिबल म्हणजे मूळ शक्तीचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो. ॲम्प्लिफायर लागणारच असेल तर तो वर, अँटेनाजवळ बसवावा. टीव्हीमागे बसवला तर केबलमध्ये गळून गेलेलं परत मिळत नाही.

डिशची गोष्ट वेगळी. सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या, सिग्नल टिपणाऱ्या भागाला) 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून उभ्या की आडव्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे उभ्या की आडव्या कंप पावणाऱ्या लहरींवरच्या वाहिन्या हव्यात ते सांगतो. एका गटातल्या सगळ्या वाहिन्या एकदम गेल्या, तर डिश हलवण्याआधी हा व्होल्टेज वरपर्यंत पोहोचतो का ते तपासा. कनेक्टर बसवताना जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला चिकटली की शॉर्ट होतो आणि सगळंच बंद पडतं. याच कारणाने साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स नीट चालत नाहीत: एक 13 मागतो, दुसरा 18. दोन आउटपुटचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबल घ्या.

टीव्हीतला ट्यूनर आपल्या प्रदेशातल्या प्रसारणाच्या पद्धतीचा आहे ना, हेही पाहा. डीव्हीबी-टी2, एटीएससी, आयएसडीबी-टी या वेगवेगळ्या भाषा आहेत. एकीचा ट्यूनर दुसरी समजत नाही. परदेशातून आणलेला टीव्ही इथेच फसतो.

एचडीएमआय केबलवर आवृत्ती शोधू नका, दर्जा पाहा. 60 हर्ट्झच्या (सेकंदाला 60 चित्रांच्या) फोर-केला सेकंदाला 18 गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ पुरते. 120 हर्ट्झला 48 गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागते. केबल अपुरी पडली की चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. मधे आवाजाचा जुना ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला एचडीसीपी 2.2 (नक्कल रोखणारं कुलूप) येत नसेल, तर उत्तम टीव्हीवरही संरक्षित फोर-के कार्यक्रम उघडणार नाही. साउंडबार एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा मार्ग) लिहिलेल्या पोर्टलाच जोडा. शेजारच्या पोर्टातून आवाज बाहेर येत नाही.

पॅनेलबद्दल थोडक्यात. एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार: खोली अंधारी असेल आणि समोरच बसणार असाल तर व्हीए, चार बाजूंनी माणसं बसत असतील तर आयपीएस. ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो त्या ओएलईडीत काळा रंग खरा काळा असतो, पण दिवसभर एकाच बातम्यांच्या वाहिनीचा लोगो झळकत राहणार असेल तर त्याचा डाग उमटू शकतो. खोक्यावर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला असलेलं चित्र) छापलंय म्हणजे टीव्ही तो सिग्नल घेतो, एवढंच. 300 निट्सच्या (निट हे उजळपणाचं माप) पॅनेलवर त्यातलं तेज उतरत नाही.

जोडणी झाली की प्रदर्शनासाठीचा भडक मोड काढून घरगुती मोड निवडा. मग ओव्हरस्कॅन बंद करा. ही ॲनालॉग काळातली सवय: टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतो, आणि फुगवताना पिक्सेलशी पिक्सेलचा मेळही मोडतो. मेनूत ती बंद करणाऱ्या सेटिंगचं नाव ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ असं काहीही असू शकतं. तळाशी धावणाऱ्या बातम्यांच्या पट्टीची खालची कड कापली जात असेल, तर ती सेटिंग अजून बदललेली नाही.