मंगळवारी की मंगळवारात? कमांडमधल्या राखीव शब्दांची पार्श्वभूमी

साताऱ्यात कुणी 'मंगळवारी भेटू' म्हणाला तर तो वार, 'मंगळवारात राहतो' म्हणाला तर ती पेठ. शब्द पंचांगानं आधीच घेतलेला, तरी एका प्रत्ययानं घोळ मिटतो. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावर, प्रत्यय नसतात. तिथे टूलचा शब्द आणि आपण ठेवलेलं नाव एकाच ओळीत, फक्त मधल्या मोकळ्या जागेनं वेगळे झालेले येतात.

हा प्रश्न जुना आहे. १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत राखीव शब्द, म्हणजे भाषेनं स्वतःसाठी ठेवलेले आणि आपल्याला नाव म्हणून न वापरता येणारे शब्द, नव्हतेच. संदर्भावरून अर्थ लावायचा. कोबोल या भाषेनं उलट शेकडो शब्द स्वतःकडे राखले. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांडनी ऑप्शनच्या (कमांड कशी चालावी ते सांगणाऱ्या शब्दाच्या) आधी आडवी रेघ लावली. ती सोय मला फार आवडते, पण तिच्यात एक भोक आहे. आपण * टाइप केलं की शेल (आपली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्रॅम) त्याच्या जागी फाइलींची नावं भरतं आणि मग प्रोग्रॅमला यादी देतं. त्या यादीतला कुठला शब्द माणसानं लिहिला आणि कुठला फाइलीच्या नावातून आला, हे प्रोग्रॅमला कळायला मार्ग नसतो. म्हणून रेघेनं सुरू होणारं फाइलीचं नाव ऑप्शन ठरतं, आणि फाइली पुसणाऱ्या कमांडला हे महागात पडतं. 'इथून पुढे ऑप्शन नाहीत' हे सांगणारी -- ही खूण पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या प्रमाण नियमांत आहे ती यासाठीच.

डॉस या पीसीवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'कॉन', 'ऑक्स', 'नल' ही उपकरणांची नावं. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. १९८३ साली ते आले, आणि जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. एका संस्थेच्या ग्राहक-यादीला मी 'कॉन' नाव द्यायला गेलो, तेव्हा अख्खी दुपार डिस्क खराब आहे असं समजून गेली.

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. त्याच्या 'चेकआउट' कमांडला शाखेचं (कामाच्या वेगळ्या फाट्याचं) नाव चाले, फाइलीचंही चाले. शाखा समजून नाव टाकलं आणि तशी शाखा नसून फाइल निघाली, तर तिच्यातले न नोंदवलेले बदल जात. ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीनं 'स्विच' आणि 'रिस्टोअर' वेगळे केले. पण त्यातही मेख आहे: आपण एखाद्या कमांडला टोपणनाव ठेवलं आणि ते गिटच्या स्वतःच्या कमांडचंच नाव असलं, तर गिट ते मानत नाही. ज्यानं आधीच 'स्विच' हे टोपणनाव ठेवलं होतं, त्याचं त्या दिवसापासून चालेनासं झालं. पायथॉन या भाषेच्या ३.७ आवृत्तीनं २०१८ साली 'असिंक' राखीव केला, तेव्हा ते नाव वापरणाऱ्या लायब्रऱ्यांनाही (इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या संचांनाही) ते बदलावं लागलं. दर वेळी उशिरा आलेला शब्द आधीच्या रहिवाशाला उठवतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

सध्या लिहितोय त्या बॅकअप टूलमध्ये वापरणाऱ्याच्या प्रत्येक नावाआधी @ सक्तीचा ठेवलाय. उद्या मी कितीही नव्या कमांड आणल्या, तरी @हळद, @मंगळवार अशी नावं ठेवणाऱ्यांचीच राहतील.