जात्याचा खुंटा आणि रेडिओचा कान

आषाढात वेंगुर्ल्याला पत्र्यावर पाऊस ताशा वाजवायला लागला की हेडफोन कानाशी घट्ट दाबून बसावं लागतं. सकाळची वेळ, हौशी रेडिओचा चाळीस मीटरचा पट्टा, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या थोडं वर. चिपळूणचा मित्र बोलतोय, पण बदकानं बोलावं तसा. मी नॉब एक खटका उजवीकडे नेतो, आवाज चिरका होतो. एक खटका डावीकडे, तर घोगरा. माझा मित्र या दोन खटक्यांच्या मधे कुठेतरी बसलाय, आणि तिथं माझा नॉब थांबायलाच तयार नाही.

आकाशवाणीचं केंद्र लावताना ही अडचण येत नाही. मीडियम वेव्हवर आवाजासोबत त्याला वाहून आणणारी वाहक लहरही येते, त्यामुळे शेपन्नास हर्ट्झ इकडेतिकडे झाले तरी कुणाला पत्ता लागत नाही. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, बोलण्यासाठी बहुतेक वेळा एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धत वापरतात. तिच्यात वाहक लहर पाठवायचीच नाही. वीज वाचते, पट्ट्यातली जागाही निम्मी लागते. पण मग ती गाळलेली लहर ऐकणाऱ्याच्या सेटनं स्वतः तयार करून जोडायची, आणि नेमक्या जागी जोडायची.

समजा मित्राच्या आवाजात 360, 480 आणि 600 हर्ट्झचे स्वर आहेत. सगळे 120 च्या पाढ्यातले, म्हणून कानाला एकाच गळ्यातून आल्यासारखे वाटतात. माझा सेट 50 हर्ट्झनं चुकला की तेच स्वर 410, 530, 650 होतात. अंतरं तीच राहिली, पाढा मात्र मोडला. माणसाचं बदक होतं ते इथं.

माझ्या घरी बांधलेल्या सेटवर एका खटक्याला 100 हर्ट्झ होते. म्हणजे वाईटात वाईट चूक 50 हर्ट्झची, अगदी वर सांगितली तेवढीच. मग खटका 10 हर्ट्झचा का करू नये? केला. पण नॉबचं फिरणं मोजून सेटला कळवणारा जो एन्कोडर नॉबमागे असतो, त्यातल्या स्वस्तातल्याला एका फेऱ्यात वीस खटके असतात. वीस गुणिले दहा, म्हणजे फेऱ्याला 200 हर्ट्झ. आपल्याकडे या पट्ट्याची रुंदी 200 किलोहर्ट्झ. या टोकापासून त्या टोकाला जायला 1000 फेरे! मनगट गळून पडेल. वेगानं फिरवलं की पाऊल आपोआप मोठं करणारे प्रोग्रॅम असतात, पण मला ते आवडत नाहीत. एवढ्याशा फिरवण्यानं आपण कुठं जाऊन पडू याचा बोटाला अंदाजच राहत नाही.

जुन्या लोकांनी हे कोडं केव्हाच सोडवलं होतं. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल कंपनीच्या एचआरओ या रिसीव्हरला जी तबकडी होती, ती दहा फेरे फिरायची आणि त्यात 500 विभाग मोजता यायचे. आत वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्यानं फिरणारं दातेरी चाक, आणि दात्यांमधला ढिलेपणा जावा म्हणून स्प्रिंगनं ताणलेली दुहेरी चाकं. खटका नावालाही नाही. एन्कोडर आला तो संगणकाला मोजता यावं म्हणून. बोटाचा विचार नंतर झाला, कधीकधी झालाच नाही.

तर मी एन्कोडर उघडला. पत्र्याचे चार दुमडलेले कान सुरीच्या टोकानं उचलले की तो सुटा होतो. आत दातेरी कड्यावर पातळ पोलादी पट्टी टेकलेली असते. तिला एक बारीक पोक आलेलं असतं, ते खाचेत पडतं. खटका म्हणजे एवढंच. बोट जोर लावत राहतं, पोक चढणीवर अडून राहतं, माथा ओलांडला की घसरून थेट पुढच्या खाचेत. मधे थांबायची सोय नाही. मी पक्कडीनं पोक सपाट केलं आणि सगळं परत बसवलं. आणखी एक फायदा झाला. एन्कोडरच्या दोन संपर्कांची उघडझाप एकमेकांच्या पाव चक्र मागेपुढे होते, त्यावरून सेटला दिशा कळते. दर चक्रात असे चार बदल होतात. खटके असताना त्यातला एकच कामाचा, आता चारही. वीसचे ऐंशी झाले.

पण नॉब भिरभिरायला लागला. बोट लागलं न लागलं की फ्रिक्वेन्सी पळाली.

इथं मला आमच्या घरचं जातं आठवलं. सुरुवातीला रेटा द्यावा लागतो, पण एकदा फिरायला लागलं की हात नुसता सोबतीला. वजन कडेपर्यंत पसरलेलं, खुंटाही कडेला. फिरत्या वस्तूचं जडत्व वस्तुमानाच्या पटीत वाढतं, त्रिज्येच्या मात्र वर्गाच्या पटीत. माझा प्लॅस्टिकचा नॉब 10 ग्रॅमचा, 24 मिलिमीटर व्यासाचा. त्याजागी 40 मिलिमीटरचा 100 ग्रॅमचा पितळी नॉब लावला तर वजन दहापट, जडत्व मात्र सुमारे 28 पट. महागड्या सेटच्या नॉबवर बोटाचं टोक बसेल असा खळगा असतो ना, तो त्या जात्याचा खुंटाच.

पितळ लेथवर कातून घ्यायला वेळ होता. मोठा पोकळ नॉब होता, म्हणून जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं कापून आत चिकटवली. शिसं हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत, ते धुतले. समतोल मात्र बघितला नाही. संध्याकाळी नॉब सोडून चहाला गेलो, परत येतो तर सेट भलत्याच ठिकाणी. जड बाजू गुपचूप खाली उतरली होती. उभ्या पॅनेलवरचा असमतोल नॉब म्हणजे लंबकच, आणि त्याला अडवणारं घर्षण मी स्वतःच काढून टाकलं होतं.

काकी दारातून बघत होत्या. "काय रे, जात्यासारख्या कित्या फिरवतंस?"

घर्षण हवंच, पण कुठलं? नॉबमागे फेल्टची चकती दाबली की कोरडं घर्षण मिळतं. पण त्यात सुरू होताना लागणारा जोर चालू असतानाच्या जोरापेक्षा जास्त असतो. बोट दाब वाढवत राहतं, नॉब अडून राहतो, मग एकदम सुटतो. बिजागरी कुरकुरते ती याच कारणानं. दाट ग्रीसचं उलटं आहे. त्याचा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे पाच-दहा हर्ट्झ सरकताना जवळजवळ जाणवत नाही आणि झटका मात्र पचवतं. मोडलेल्या पोकाच्या जागी फेल्टचा हलका स्पर्श, शाफ्टवर दाट सिलिकॉन ग्रीस आणि समतोल केलेलं शिसं, असं मिश्रण मला जमलं. शिलाई मशीनचं तेल फार पातळ पडतं. खोबरेल तर मुळीच नको. ते 24 अंशांच्या आसपास थिजतं. एका ओळखीच्याचा नॉब दुपारी लोण्यासारखा आणि माघातल्या पहाटे गंजल्यासारखा फिरायचा, त्यामागे खोबरेलच होतं.

खरा गंज वेगळाच. मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी का सुटतं? हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कोरडा कणही ओल शोषून खारं पाणी होतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर त्याहून पुष्कळ कमी ओलीतही विरघळतं. किनाऱ्यावरच्या घरात हेच मीठ वाऱ्याबरोबर येऊन एन्कोडरच्या संपर्कांवर बसतं. दुसऱ्या पावसाळ्यात माझा नॉब उजवीकडे फिरवला तरी फ्रिक्वेन्सी मधूनच एक पाऊल मागे जायला लागली. संपर्क पुसून दोनदा काम भागवलं, तिसऱ्यांदा कंटाळलो.

आता तिथं ऑप्टिकल एन्कोडर आहे. आत रेघांची चकती, एका बाजूला एलईडी, दुसरीकडे प्रकाश टिपणारे दोन डोळे. धातूला धातू लागतच नाही, मग गंजणार काय? फेऱ्याला 400 पल्स (विजेचे ठोके), पल्सला 10 हर्ट्झ, म्हणजे फेऱ्याला चार किलोहर्ट्झ आणि अख्खा पट्टा पन्नास फेऱ्यांत. पितळी नॉबही आला. त्याचा परीघ सुमारे 125 मिलिमीटर, म्हणजे बोट एक मिलिमीटर सरकलं की 32 हर्ट्झ. जुन्या 24 मिलिमीटरच्या नॉबवर तेच 53 झाले असते. नॉब मोठा असावा तो यासाठीही, नुसता दिसायला नव्हे.

खटक्यांचा एक नवा कोरा एन्कोडर डब्यात पडून होता. तो आवाज कमीजास्त करायच्या बटणाला लावला, पोक न मोडता. तिथं बोटाला खटके मोजता आलेलेच बरे.