ऑक्सिजनचं प्रमाण आणि ऑक्सिजनचा दाब

लेहला जाऊन आलेली मंडळी हमखास सांगतात, "तिथे हवेत ऑक्सिजनच कमी." दम लागतो हे खरंच, पण हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही मुंबईइतकंच असतं, सुमारे २०.९ टक्के. एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढंच. वातावरणाची सतत घुसळण चालू असल्यामुळे ही टक्केवारी उंचीनुसार बदलत नाही.

घटतो तो दाब. जितकं वर जावं, तितकी डोक्यावरची हवा कमी, म्हणून तिचा भारही कमी. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश भरतो. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन जातो तो दाबातल्या फरकामुळे. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८७८ मध्येच प्रयोगांनिशी मांडलं होतं.

हिशेब करून पाहण्याजोगा आहे. १९८१ मध्ये गिर्यारोहक डॉक्टर ख्रिस्तोफर पिझो यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब मोजला: २५३ मिलिमीटर पारा (हे दाब मोजायचं एकक). श्वासातली हवा आत जाताना ओली होते आणि ३७ अंशांना ही वाफ ४७ मिलिमीटर दाब व्यापते, मग तुम्ही कुठेही असा. उरले २०६, त्यातला ऑक्सिजनचा वाटा जेमतेम ४३. समुद्रकाठी हाच आकडा १४९ येतो. खाली या वाफेचा वाटा किरकोळ असतो, माथ्यावर मात्र ती जवळजवळ पाचवा हिस्सा खाते.

इथे भूगोलही मदतीला येतो, आणि मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. प्रमाणित वातावरणाच्या, म्हणजे सरासरी हवामान धरून केलेल्या कोष्टकानुसार त्या उंचीवर दाब २३६च्या आसपास हवा. पण एव्हरेस्ट उष्ण कटिबंधाच्या जवळ आहे, तिथला हवेचा थर जाड आहे, म्हणून दाब थोडा जास्त मिळतो. मेस्नर आणि हाबेलर हे गिर्यारोहक मे १९७८ मध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय माथ्यावर पोहोचले. शरीराची क्षमता इतकी काठावर असताना एवढासा फरकही मोलाचा ठरतो. हिवाळ्यात तिथला दाब आणखी उतरतो.

शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून काही खेळाडू खास तंबूत झोपतात; तिथे नेमकं उलट घडतं: दाब तोच ठेवून टक्केवारी कमी करतात. समुद्रसपाटीला १५ टक्के ऑक्सिजन म्हणजे फुप्फुसांच्या लेखी साधारण २,५०० मीटर उंची. पण हवा विरळ होत नाही. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २,२४० मीटरवर लांब पल्ल्याचे धावपटू बेजार झाले, तर विरळ हवेचा अडथळा कमी असल्याने कमी अंतराच्या शर्यतींत विक्रम झाले. हा दुसरा परिणाम तंबूतून मिळवता येत नाही.