बंद इंजिन आणि आटणारे पेट्रोल : कार्ब्युरेटरच्या जुन्या खोडीची पार्श्वभूमी

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या दुपारी नागपूरच्या सीताबर्डीत अ‍ॅम्बेसेडर उभी करून पंधरा मिनिटांनी परत आले, तर ती सहजी सुरू होत नाही. तीच गाडी धरमपेठेतल्या एखाद्या शेडमध्ये दोन आठवडे उभी राहिली, तर पहिल्या ठिणगीसाठी सेल्फ बराच वेळ फिरवावा लागतो. दोन्ही वेळा दोष पेट्रोल आटण्याला दिला जातो, पण आटण्याच्या वाटा दोन आहेत.

गंमत अशी की बाष्पीभवन हा सुरुवातीला दोष नव्हताच. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळू देणे, हीच इंधन पुरवण्याची रीत होती. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, हवेत पेट्रोलचा फवारा सोडणारा कार्ब्युरेटर रूढ केला. फवाऱ्याचे प्रमाण साधायचे तर जेटमागची पातळी कायम हवी, म्हणून तरंगत्या फ्लोटने पातळी राखणारी पेट्रोलची छोटी वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, आला; त्या चेंबरमध्ये हवेचा दाब राहावा म्हणून त्याला वर एक छिद्र ठेवावे लागले. वाफ निसटते ती याच छिद्रातून.

आपल्याकडची अ‍ॅम्बेसेडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली. तिच्या १४८९ सीसी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (मिश्रण आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या) एकाच अंगाला आहेत, त्यामुळे कार्ब्युरेटर जवळजवळ धुराड्याच्या डोक्यावर बसतो. थंड देशात पेट्रोल नीट उडावे म्हणून इनटेकला थोडी ऊब मिळणे सोयीचेच होते. गाडी चालू असते तोवर पंख्याची हवा आणि टाकीतून सतत येणारे पेट्रोल चेंबरला निववत राहतात. किल्ली फिरवली की दोन्ही थांबतात, पण तापलेले लोखंड मात्र उष्णता वर ढकलत राहते, आणि म्हणूनच चेंबर बंद गाडीत अधिक तापतो. पेट्रोलचे हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. नागपूरच्या मे महिन्यात तर सावलीतला पाराच ४५ च्या आसपास असतो. उकळलेल्या पेट्रोलचा काही भाग छिद्रातून उडतो आणि काही जेटमधून इनटेकमध्ये सांडतो, त्यामुळे इंजिन ‘ओव्हर’ होते, म्हणजे जादा पेट्रोलने गुदमरते. दोन आठवडे उभ्या गाडीत मात्र सांडण्याचा प्रश्न नसतो. तिथे चेंबर सावकाश कोरडा पडतो.

या वाफेकडे सरकारांचे लक्ष गेले ते हवेच्या प्रदूषणामुळे. नियंत्रण नसलेल्या जुन्या गाडीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनपैकी साधारण २० टक्के टाकी आणि कार्ब्युरेटरमधून उडतात, असे दिसून आल्यावर कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून आणि उर्वरित अमेरिकेने १९७१ पासून ही वाफ कोळशाच्या डब्यात अडवणे बंधनकारक केले. आपल्या जुन्या गाड्यांना तो डबा नाही. पुढे फ्युएल इंजेक्शन आले आणि बंद, दाबाखालच्या नळीमुळे उघडा चेंबरच नाहीसा झाला.

त्यातच आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते, पण हलक्या घटकांशी मिसळल्यावर थोड्या प्रमाणातही ते मिश्रणाचा बाष्पदाब वाढवते. ही वाढ १० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते आणि २० टक्क्यांना थोडी उतरते; म्हणून आजच्या सगळ्या त्रासाचे खापर एकट्या ई-२० वर (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) फोडणे मला पटत नाही.

घराच्या खिडकीला वाळ्याची ताटी आणि गाडीच्या पेट्रोल पंपावर ओले फडके, हा इथला जुना उन्हाळी उपाय. मात्र फडके पंपात आणि नळीत अडकलेली वाफ थिजवते, चेंबरमधून गेलेले पेट्रोल परत आणत नाही. ‘ओव्हर’ झालेल्या इंजिनाला चोक (हवा कमी करणारी झडप) न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून हवा द्यावी लागते, तर कोरड्या चेंबरच्या गाडीत पंपाचा हातखटका असल्यास तो दहा-बारा वेळा हलवून मगच सेल्फ मारावा.