इटलीत एवढे फेरारी आले कुठून?

फेरारी म्हटलं की आपल्याला लाल गाडी आठवते, पण इटलीत हे आडनाव इतकं कॉमन आहे की रोस्सी आणि रुस्सो यांच्यानंतर तिसरा नंबर त्याचाच लागतो. अर्थ सरळ आहे, लोहार. लॅटिनमध्ये लोखंडाला फेरुम म्हणायचे, लोखंडाचं काम करणारा तो फेरारियुस.

पण जुन्या इटलीत बहुतेक लोक शेतीच करायचे, मग शेतकरी या अर्थाचं आडनाव एवढं का पसरलं नाही? मला याचं उत्तर फार आवडतं. आडनाव पडतं ते माणूस ओळखू यावा म्हणून, आणि गावात सगळेच शेती करत असतील तर 'शेतीवाला जोव्हान्नी' म्हणून कोणाला काय कळणार? लोहार मात्र गावात एखाददुसराच, बैलाला नाल मारायची, फाळ ठोकून घ्यायचा, दाराची बिजागरी करायची, सगळं गाव त्याच्याकडे. आणि असा लोहार गावोगाव लागायचाच. म्हणजे गावात एकटा पण देशभर हजारो, म्हणून हे नाव एवढं झालं. पुढे 1563 मध्ये त्रेंतो शहरात भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवणं चर्चना सक्तीचं केलं, तेव्हा ही नावं वह्यांमध्ये पक्की होत गेली, मग पोराने भाता सोडून दुसरं काही का करेना.

फेरारी मुख्यतः उत्तरेकडचं, लोंबार्दी आणि एमिलियाच्या पट्ट्यातलं. पिएमोन्तेत फेरेरो, दक्षिणेत कालाब्रियाकडे फेरारो, व्हेनेतोत फावेरो आणि फावारो (ही फाबेर या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून, फाब्री पण त्यातलंच), सार्डिनियात फ्राऊ. सगळे लोहारच! न्युटेला बनवणारे फेरेरो म्हणजे आल्बा गावचे मिठाईवाले, तरी नाव लोहाराचं. एन्झो फेरारी 1898 मध्ये मोदेनात जन्मले, त्यांच्या वडिलांचा मात्र खरंच धातूकामाचा वर्कशॉप होता, पण तो योगायोग.

आता सायन्सचा भाग, कारण आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि फक्त पुरुषांमध्ये असणारा वाय क्रोमोझोमही (जनुकं वाहून नेणारा एक धागा) तसाच जातो. लुका काव्हाल्ली-स्फोर्झा हे मोठे जनुकशास्त्रज्ञ, त्यांनी 1950 च्या दशकात पार्मा नदीच्या खोऱ्यात काम सुरू केलं, चर्चच्या जुन्या वह्या आणि गावकऱ्यांचे रक्तगट एकत्र तपासले आणि दिसलं की डोंगरातल्या छोट्या गावांमध्ये एका गावापासून दुसऱ्या गावाचा फरक जास्त, सपाटीवरच्या मोठ्या वस्त्यांमध्ये कमी. लोकसंख्या छोटी असली की नुसत्या योगायोगाने काही जनुकं वाढतात, काही गायब होतात, हे त्यातून स्पष्ट झालं. छोट्या गावात आडनावांचंही तसंच होतं, एखाद्या घरात मुलगाच झाला नाही की नाव संपलं.

मग दोन फेरारी भेटले तर ते भाऊबंद का? बहुतेक नाही. ब्रिटनमध्ये टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग या जनुकशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये 40 आडनावांचे वाय क्रोमोझोम तपासले, दुर्मिळ आडनावाचे पुरुष बऱ्याचदा एकाच पूर्वजाचे निघाले, पण स्मिथ लोकांमध्ये तसं काही नातं दिसलं नाही. स्मिथ म्हणजे तिकडचा लोहारच, शेकडो गावांत वेगवेगळा सुरू झालेला, आणि फेरारीची गोष्ट तीच.

2022 मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने मुलाला आपोआप बापाचंच आडनाव लावणं रद्द केलं, आता दोघांची लागतात किंवा ठरवून कुठलंही एक. त्यामुळे पुढच्या पिढ्यांमध्ये आडनाव आणि वाय क्रोमोझोमची ही जोडी सैल होत जाणार.